एकोणीस काड्या

आपला १ कमरेत वाकलेला, पाय मुडपून बसलेला.
त्यांचा ताठ उभा. काडीसारखा.
म्हणूनच आलीडे कूसेमेट्सला तो सुचला असावा,
एस्टोनियात, विल्यांदीच्या काडेपेटी कारखान्यात,
हिशेबखात्यातल्या खिडकीशेजारच्या टेबलावर.
दिवसभर ती पेट्यांना काड्यांनी गुणायची, कारखान्यासाठी.
संध्याकाळी, रखवालदार दिवा मालवायला येईपर्यंत,
भागायची. स्वतःसाठी.

एकोणीस काड्या तिने ओळीत मांडल्या.
एकावर एक नव्हे, एकाशेजारी एक.
एवढाच आकडा.

एकं दहं शतं म्हणत आपण त्याच्या मागे निघालो
तर अठराव्या घरात परार्ध लागतो आणि आपली यादी संपते.
एकोणिसावी काडी उंबऱ्याबाहेर.
तिच्या घराला आपल्याकडे नाव नाही.
विल्यांदीत हे कुणाला ठाऊक असायचं कारण नव्हतं.

डावीकडून वाचा, उजवीकडून वाचा,
रात्रभर काड्यांची अदलाबदल करा,
तो जागचा हलत नाही.

यंत्र लोखंडी, हाताने फिरवायचं.
आकडा त्यात एका दमात मावेना;
तुकडे करून भरायचा, हातचा कागदावर सांभाळायचा.
कर्र. कर्र. घंटी.
तीनने भागलं, बाकी एक.
सातने, एक.
अकराने एक, तेराने एक.
यंत्र अडकलं असेल, म्हणून तिने तेल सोडलं.
सतराने नऊ.
"तेल लागू पडलं," ती यंत्राला म्हणाली.
एकोणीसने पुन्हा एक.

एकदा तिने उलटं करून पाहिलं:
एक पाव, आणि खाणारी तोंडं एवढी.
दशांशचिन्हानंतर शून्य, शून्य, शून्य,
अठरा शून्यं, खरीखुरी अठराविश्वे,
मग एक नऊ.
मग पुन्हा अठरा शून्यं. पुन्हा नऊ.
युद्धातल्या हिवाळ्यांत तिने शिध्याचा पाव तोलला होता.
हा भागाकार तिला नवा वाटला नाही.

तीन वह्या भरल्या. चौथीच्या मध्यात
भाचीचा नवरा तांबेत आला, टार्टूला गणित शिकणारा,
कोटावर बर्फ, बोलण्यात घाई.
"मावशी, एकेक भाजक कशाला तपासता?
याला भाग जाणारा मूळ भाजक असलाच, तर तो
अडतीसच्या पाढ्यात एक मिळवूनच येणार.
तीन, सात, सतरा यांना दारात उभंही करायचं नव्हतं.
पहिला येतो एकशे एक्याण्णव. मग दोनशे एकोणतीस."

तिने पानं उलटली.
एकशे एक्याण्णव: बाकी चौऱ्याऐंशी.
दोनशे एकोणतीस: बाकी एकशे ऐंशी.
दोन्ही होत्या, दोन्ही बरोबर.
बाकी सगळं वाया.

"आणि कुठवर जायचं?"
"एकशे पाच कोटींच्या थोडं पुढे."
तिने खिडकीबाहेर पाहिलं. तलाव गोठला होता.
"पण जायची गरजच नाही. याला भाग जात नाही,
हे केव्हाच सिद्ध झालंय. दुसऱ्या वाटेने."
"म्हणजे त्यांनी भागलंच नाही?"
"असं एकेकाने नाही."
ती बराच वेळ काही बोलली नाही.
मग म्हणाली, "गारठलायस. चहा ठेवते."

शेगडीसाठी काडी हवी होती.
एवढ्या मोठ्या कारखान्यात हाताशी होत्या
त्या टेबलावरच्याच.
तिने टोकाची एक उचलली, ओढली.

उरल्या अठरा.
तांबेतने सहज पाहिलं आणि हसायचं थांबला:
आता तीनने भाग जात होता. सातने जात होता.
अकराने, तेराने, सदतीसने,
खुद्द एकोणीसनेही.
निःशेष.

शेगडी पेटली होती.
आलीडेने काडी बोटांपर्यंत जळू दिली,
मग फुंकली,
आणि काळं टोक आत वळवून
होती तिथे परत ठेवली.